साखरशेतच्या पागोळ्या

मुंबई-अहमदाबाद महामार्ग मनोरपाशी सोडून विक्रमगडच्या दिशेने वळले, की रस्ता हळूहळू चढू लागतो. भातखाचरांची सपाटी मागे पडते, वळणे वाढतात आणि जव्हारच्या पठारावर पोहोचेपर्यंत हवेतला दमटपणा कमी होतो. नाशिककडून येणारा प्रवासी त्र्यंबकेश्वर, तोरंगण घाट आणि मोखाडा असा उतरत याच पठारावर येतो. दोन्ही वाटांनी येणाऱ्याला महिना कोणता, यावर हा मुलूख निरनिराळा दिसतो. जुलैत आलेला माणूस धबधब्यांची वर्णने घेऊन परततो. दाभोसा पाहतो, हनुमान पॉइंटवरून दरीतले ढग पाहतो आणि या भागाला पाण्याची ददात असेल, हे त्याच्या स्वप्नातही येत नाही. तोच माणूस मे महिन्यात आला, तर त्याला पळसाची वाळलेली पाने, तापलेला कातळ आणि रस्त्याच्या कडेने डोईवर हंडे घेऊन चालणाऱ्या बायकांची रांग दिसते. दोन्ही चित्रे खरी आहेत. त्यांच्यामधले अंतर अवघ्या दहा महिन्यांचे असते.

साखरशेत हे जव्हार तालुक्यातील असेच एक गाव. नावात साखर असली तरी हा ऊसपट्टा नव्हे. हा नागली, वरई, उडीद आणि खुरासणीचा मुलूख. सखल खाचरांत भात होतो आणि उतारावरच्या, सरकारी दप्तरात ‘वरकस’ म्हणून नोंदलेल्या हलक्या जमिनीत ही भरड धान्ये होतात. गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीने वसलेली घरे नव्हेत. पाडे एकमेकांपासून अंतर राखून, उतारांवर विखुरलेले असतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींची ही वस्ती. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर कौले किंवा अलीकडे सिमेंटचे पत्रे, पुढे सारवलेले अंगण आणि मागे थोडी मोकळी जागा, असे घराचे साधारण रूप.

जव्हार हे १९४८ साली विलीन होईपर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. शहरातील जयविलास राजवाडा आणि शहराला पाणी पुरविणारा जयसागर जलाशय पाहण्यास पर्यटक येतात. १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जेथे थांबले असे सांगितले जाते, तो शिरपामाळही येथून जवळच. पाड्यांकडे मात्र पर्यटकांचे पाय सहसा वळत नाहीत. घरामागच्या चार-दोन गुंठ्यांत पाणी, झाड आणि माणूस यांचा जो हिशेब तेथे मांडला जातो, तो पाहण्यासारखा आहे. सोलापूर, सांगोला, जत अशा अवर्षणप्रवण भागांत ज्यांची घरे आहेत, अंगणातली चार झाडे उन्हाळ्यात जगवताना ज्यांची ओढाताण होते, अशा वाचकांना तर तो उपयोगीही पडेल.

प्रथम पावसाचा आकडा पाहू. जव्हार-मोखाड्याच्या पठारावर वर्षाला सरासरी अडीच ते तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. सोलापूरकडे हाच आकडा पाचशे-सहाशेच्या आसपास असतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. पर्जन्यसंचयाचे सारे गणित या एका वाक्यावर उभे आहे. साखरशेतमधील एखाद्या घराचे छप्पर ४० चौरस मीटर धरले आणि पाऊस २,५०० मिलिमीटर धरला, तर त्या छपरावर वर्षाला एक लाख लिटर पाणी पडते. उडणारे, सांडणारे, छपरात मुरणारे पाचव्या हिश्श्याचे पाणी वजा केले तरी ८०,००० लिटर शिल्लक राहते. सोलापूरच्या तेवढ्याच छपरावर, ५५० मिलिमीटर पावसात, तीच वजावट करून १७,६०० लिटर मिळतात.

मग वर्षाला ८०,००० लिटर पाणी ज्या घराच्या पागोळ्यांतून गळते, त्या घरातील स्त्रीला मे महिन्यात एका हंड्यासाठी दरी उतरावी का लागते?

याचे उत्तर पायाखालच्या दगडात आहे. हा सारा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. वर मुरमाड मातीचा पातळ थर, खाली अखंड कातळ. मातीचा थर दोन-चार मोठ्या सरींत तृप्त होतो आणि त्यानंतर पडणारे पाणी उतारावरून ओहोळांत, ओहोळांतून नद्यांत आणि नद्यांतून समुद्राकडे धावते. कातळाला भेगा असतील तेथेच विहिरीला पाणी लागते आणि तेही होळीपर्यंत टिकले तर नशीब. शिवाय साराच पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने आभाळ कोरडे. पावसाच्या एकूण आकड्याने हा प्रदेश अतिवृष्टीचा ठरतो, पण झाडाच्या मुळाला विचारले तर हा आठ महिन्यांचा कोरडा प्रदेश आहे. दुष्काळ आकाशातून येतो अशी आपली समजूत असते; येथे तो जमिनीतून येतो.

दुसरेही एक कारण आहे आणि शहरातल्या वाचकाने ते विसरू नये. याच डोंगरांतून वाहणाऱ्या वैतरणेचे पाणी मोडकसागर, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा या जलाशयांत साठते आणि मुंबईच्या नळांना येते. यांपैकी मध्य वैतरणेचे शंभर मीटरहून उंच धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे आहे. ते २०१४ साली पूर्ण झाले आणि मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी अधिक मिळू लागले. गारगाई आणि पिंजाळ या नद्यांवरही मुंबईसाठी धरणे प्रस्तावित आहेत. धरण दरीत असते आणि पाडा डोंगरावर. पाणी वर चढवायला वीज, नळ आणि पैसा लागतो. त्यामुळे धरणाच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, हे दृश्य येथे कोणालाही नवलाचे वाटत नाही. मुंबईच्या इमारतीतील रहिवासी गच्चीवरच्या कुंड्यांना नळाने पाणी घालतो, तेव्हा ते कोठून आले याचा पत्ता त्या नळावर लिहिलेला नसतो.

घरामागच्या झाडांचा प्रश्न येथे हौसेचा नाही. दिवाळी झाली, भात झोडून झाला, की पाड्यांवरील अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. मुलांच्या शाळा सुटतात, म्हातारी माणसे घर राखतात आणि लोक परततात ते पावसाच्या तोंडावर. घराजवळ आठ महिने टिकेल असे पीक उभे राहिले तरच हे जाणे थांबते. आणि ते पीक पाण्यावाचून उभे राहत नाही. १९९२ साली वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी जव्हारचे नाव देशभर गेले. त्यानंतर कुपोषणावर आयोग, अहवाल, योजना पुष्कळ झाल्या. पण घरामागे शेवगा, पपई, केळ, दोडका, कारले आणि दुधीचा वेल असेल, तर मुलांच्या ताटात काही पडते, हे समजायला अहवालाची गरज नव्हती. त्या वेलाला मार्चनंतर पाणी कोण घालणार, एवढाच प्रश्न होता.

या प्रश्नाला एक उत्तर शेजारच्या गुजरातेतून आले. उरुळीकांचन येथे १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था स्थापन करणारे मणिभाई देसाई यांच्या मार्गदर्शनाखाली १९८२ साली वांसदा येथील आदिवासी भागात ‘वाडी’ची कल्पना रुजली. कुटुंबाने आपल्या साधारण एक एकर हलक्या जमिनीत आंब्या-काजूची कलमे लावायची, कडेने बांबू, शिवण अशी वनझाडे कुंपणासारखी वाढवायची आणि मधल्या जागेत नेहमीची पिके घ्यायची, अशी ही रचना. तीच पुढे जव्हारच्या पाड्यांवर आली. जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या साह्याने नाबार्डने २००० साली तत्कालीन ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांत आदिवासी विकास कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा वाडी हाच त्याचा गाभा होता. नाबार्डने २००३-०४ मध्ये आदिवासी विकास निधी उभारला आणि वाडी देशभर गेली. ग्रामीण पतपुरवठ्याच्या इतिहासात कागदावर चांगल्या दिसलेल्या योजना शेकड्यांनी सापडतील. जमिनीवर झाड दाखवू शकणाऱ्या थोड्या. वाडी या दुसऱ्या वर्गातली आहे.

आंब्याच्या कलमाचे पहिले तीन उन्हाळे कठीण असतात. एकदा मुळे कातळाच्या भेगांत शिरली, की झाड आपले आपण पाहते. तोवर त्याला आठवड्याला निदान आठ-दहा लिटर पाणी हवे. पहिल्या वाड्या बायकांनी डोक्यावरून आणलेल्या पाण्यावर जगल्या, हे स्पष्टपणे नोंदले पाहिजे. कलमे कुटुंबाच्या नावावर असतात, पण त्यांचा पाणीपुरवठा घरातील स्त्रीच्या मानेवर असतो. यातून सुटका करणारी युक्ती म्हणजे जलकुंड. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकणच्या डोंगरउतारांवरील नव्या फळबागांसाठी तिचा पुरस्कार केला. बागेच्या वरच्या अंगाला एक लांबट खड्डा खणायचा, त्याच्या भिंती आणि तळ नीट चोपून, गवताचा थर देऊन जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि पावसाळ्यात तो भरून घ्यायचा. एवढेच. ना पंप, ना वीज.

या खड्ड्याचा ताळेबंद मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, कुंड चार मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल आहे. त्यात ४,००० लिटर पाणी मावते. दहा कलमांना आठवड्याला प्रत्येकी १० लिटर याप्रमाणे १०० लिटर लागतात. डिसेंबरपासून मृगाच्या पावसापर्यंतचे २८ आठवडे धरले, तर खर्च २,८०० लिटर. शिल्लक १,२००. कागदावर व्यवहार फायद्याचा दिसतो. पण या खात्यातून आणखी एक जण रोज पैसे काढत असतो, आणि तो सही करीत नाही. ऊन आणि वारा मिळून उघड्या पाण्याचा दिवसाला साधारण पाच मिलिमीटर थर उडवून नेतात. कडक उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. चार चौरस मीटर पृष्ठभागावर पाच मिलिमीटर म्हणजे दिवसाला २० लिटर. दोनशे दिवसांत ४,००० लिटर! म्हणजे उघडे ठेवलेले कुंड एकाही कलमाला थेंब न देता स्वतःच कोरडे पडते.

म्हणून कुंडापेक्षा कुंडावरचे झाकण महत्त्वाचे. बांबूच्या काठ्या आडव्या टाकून त्यावर पेंढा किंवा पळसाची पाने पसरली, तरी नुकसान पुष्कळ कमी होते. वर एखादा वेल चढवला तर उत्तम. झाकणामुळे डासही आवरतात आणि लहान मूल किंवा वासरू पाण्यात पडण्याची भीती राहत नाही. खणलेल्या खड्ड्यांची संख्या सरकारी तक्त्यात भरली जाते, झाकणांची मात्र कोणी मोजत नाही. खड्ड्यापाशी छायाचित्र चांगले येते, झाकणापाशी येत नाही, हे त्याचे कारण असावे.

कुंड भरायचे केव्हा, हाही विचार हवा. साखरशेतच्या ४० चौरस मीटर छपरावरून वर्षभरात जे ८०,००० लिटर येतात, त्यातून ४,००० लिटरचे कुंड वीस वेळा भरेल. जुलैतल्या एखाद-दोन मुसळधार दिवसांतच ते काठोकाठ होते. जुलैतले पाणी साठवण्यात फारसे शहाणपण नाही, कारण तेव्हा ते सगळीकडेच असते. महत्त्वाचे असते ते हस्ताच्या सरी संपताना कुंड भरलेले असणे. अनुभवी माणूस पहिल्या पावसाचे छपरावरील धूळपाणी बाहेर सोडून देतो, मध्यंतरी एकदा गाळ काढतो आणि भाद्रपद-आश्विनात शेवटचा भराव करून घेतो. सोलापूर-सांगोल्याकडे याच्या उलट वागावे लागते. तेथे पाऊस मुळात थोडा, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरातला. दोन सरींमध्ये तीन आठवड्यांचे उघाडही पडते. तेथे आलेली प्रत्येक सर पकडावी लागते आणि टाकी एकदा भरून झाकून न ठेवता, भरत-रिकामी होत राहावी लागते.

छपराकडून कुंडाकडे पाणी नेणाऱ्या साधनाला पन्हळ म्हणतात. पूर्वी ती बांबू उभा चिरून करीत. आता पत्र्याची किंवा प्लास्टिकच्या नळाची अर्धी फोड लावतात. कौलांच्या टोकांवरून ओळीने गळणाऱ्या पाण्याला मराठीने ‘पागोळ्या’ असा गोड शब्द दिला आहे. त्या अंगणात जेथे पडतात, तेथे चर पडतो आणि तो चर वर्षानुवर्षे पायाची माती नेत असतो. पन्हळ लावल्यावर बागेला पाणी मिळते आणि भिंतीचा कूडही वाचतो. झाडांसाठी घेतलेल्या पाण्याला पिण्याच्या पाण्याइतकी शुद्धता नको, ही मोठी सोय. सिमेंटच्या पत्र्यावरचे, पालापाचोळा पडलेले पाणीही केळीला चालते.

पिण्यासाठी छपराचे पाणी साठवण्याची परंपरा वेगळी आणि अधिक काटेकोर आहे. अहमदाबादच्या जुन्या पोळींतील घरांखाली, बिकानेरच्या हवेल्यांत, गुजरात-राजस्थानातील कित्येक उपाश्रयांत पावसाचे पाणी धरणारी ‘टांकी’ आजही पाहायला मिळतात. छत धुऊन ठेवायचे, पहिली सर वाहू द्यायची, मग तोंड उघडायचे, पाणी गाळल्यावाचून वापरायचे नाही, हे तेथील नियम. ज्या घरांत गळण्याचे फडके पिढ्यान्‌पिढ्या घडवंचीजवळ राहिले, त्या घरांना पाण्याचा एकेक तांब्या मोजून वापरण्याचे कौतुक नव्याने सांगायला नको.

जव्हारच्या पाड्यांकडे पुन्हा वळू. अलीकडे जव्हार-विक्रमगड भागाची आणखी एक ओळख झाली आहे, ती मोगऱ्याची. घराजवळच्या काही गुंठ्यांत मोगरा लावायचा, फुलण्याच्या आत कळ्या खुडायच्या आणि त्या दादरच्या फूलबाजारात किंवा नाशिककडे पाठवायच्या. खुडणी पहाटे सुरू होते, कारण ऊन चढले की कळी उमलते आणि तिची किंमत उतरते. गंमत अशी, की मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यातला. पाऊस सुरू झाला, की हंगाम संपत येतो. ज्या महिन्यांत पाणी सर्वांत दुर्मीळ, त्याच महिन्यांत या झुडपाला ते हवे आणि त्याच महिन्यांत ते पैसा देते. वीटभट्टीचा हंगामही नेमका तोच. त्यामुळे घरामागे चार महिने पुरेल एवढे पाणी असणे, याचा अर्थ येथे फार सरळ आहे: घराला कुलूप लागत नाही आणि मुले शाळेत राहतात. मोगऱ्याच्या हंगामातील पाणी एका जलकुंडाने भागत नाही, हेही खरे. त्यासाठी विहीर, ओढ्यावरचा बंधारा, ठिबकच्या नळ्या असा जोड लागतो. मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेच्या नावाने ओळखले जाणारे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेले बंधारे दिवाळीच्या सुमारास ओहोळांवर दिसतात. ते एका मोसमाचे असतात. पुढच्या पुराने वाहून जातात. त्यांची दरवर्षी पुन्हा उभारणी करणारा पाडा आणि न करणारा पाडा यांत फेब्रुवारीत फरक दिसू लागतो.

पाणी साठवण्याची सर्वांत मोठी आणि स्वस्त टाकी मात्र माती हीच. डोंगरउतारावरील वाडीत प्रत्येक कलमाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राच्या आकाराचा बांध घालतात. उतारावरून येणारे पाणी त्यात अडते, मुळाशी मुरते आणि सोबत आणलेली मातीही तेथेच ठेवते. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घातले, की ओल आणखी काही आठवडे टिकते. शहरांतील बंगल्यांत नेमके उलटे चालते. झाडाची आळी उंचवटा करून बांधतात, अंगण सिमेंटने किंवा फरशीने झाकतात, पडलेली पाने रोज झाडून जाळतात आणि पावसाचे पाणी फाटकातून रस्त्यावर घालवतात. मग डिसेंबरपासून टँकर मागवतात. पाऊस पाचशे मिलिमीटर असलेल्या गावात विलायती हिरवळ वाढवणे हा शोभेचा प्रकार खरा, पण महागडा आणि बराचसा निरर्थक.

या बाबतीत दोन दूरदेशींची उदाहरणे सांगण्याजोगी आहेत. झिंबाब्वेच्या दक्षिणेस झ्विशावाने नावाचा कोरडा जिल्हा आहे. तेथील झेफानाया फिरी मासेको यांना १९६४ साली राजकीय कारणाने रेल्वेतील नोकरी गमवावी लागली. पदरी मोठे कुटुंब आणि सुमारे आठ एकर उताराची जमीन; वर ग्रॅनाइटचा बोडका घुमट. पाऊस आला, की घुमटावरचे पाणी लोंढ्याने येई आणि माती घेऊन जाई. फिरी यांनी त्या घुमटाच्या पायथ्याशी दगडांचे बुटके बांध घालून लोंढ्याची चाल मोडली, पाणी आधी एका साठ्यात घेतले, तेथून जमिनीत मुरवले आणि खाली बाग उभी केली. त्यांचे २०१५ साली निधन झाले, तोपर्यंत ती जागा शेतकऱ्यांची शाळाच झाली होती. कातळ वर आणि शेत खाली, ही मांडणी जव्हारच्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही.

१९९५ साली त्यांना भेटायला अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या टूसॉन शहरातून ब्रॅड लँकेस्टर हा तरुण गेला. टूसॉनचा पाऊस वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटर. परतल्यावर त्याने आपल्या भावासह घराभोवतीची जमीन उंचावण्याऐवजी खोलगट केली, छपराचे आणि रस्त्याचे पाणी त्या खोलगट आळ्यांत वळवले आणि तेथे वाळवंटातलीच काटक झाडे लावली. रस्त्याचे पाणी आळ्यात घेण्यासाठी पदपथाची कड कापावी लागते. तेव्हा ते नियमबाह्य होते, पुढे शहराने त्यास रीतसर परवानगी दिली. २००८ साली टूसॉन शहराने नियमच केला, की नव्या व्यापारी इमारतींनी आपल्या झाडांना लागणाऱ्या पाण्यापैकी निम्मे पाणी पावसाच्या संचयातून भागवावे. मुंबईतही २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यसंचय सक्तीचा आहे आणि २००७ मध्ये ही मर्यादा ३०० चौरस मीटरपर्यंत खाली आणली गेली. फरक एवढाच, की आपल्याकडे इमारतीच्या परवान्यापुरता खड्डा होतो आणि पुढे त्याच्यावर गाड्या उभ्या राहतात.

ज्यांच्याकडे अंगण अगदी थोडे आहे, त्यांच्यासाठी मडक्याची युक्ती आहे. भाजलेले, पण चकाकी न दिलेले मडके गळ्यापर्यंत मातीत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि तोंडावर झाकणी ठेवायची. भोवतालची माती कोरडी पडली, की ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढून घेते. माती ओली असली, की झिरपणे आपोआप मंदावते. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे, यावरून तिचे वय कळावे. तीन-चार दिवसांनी मडके पुन्हा भरले तरी चालते. पाणी खारट असेल, तर क्षारांनी छिद्रे बुजतात आणि एक-दोन वर्षांनी मडके बदलावे लागते; पावसाचे गोडे पाणी वापरल्यास ते अधिक टिकते. सोलापूरकडे बोअरचे पाणी जड असते, तेथे पावसाच्या पाण्याचा हा आणखी एक लाभ. मोरीचे पाणी केळ किंवा पपईकडे वळवण्याची जुनी रीत तर प्रत्येक परसात होती. साबणाचा मारा वाढल्यापासून ती जरा जपून वापरावी लागते, इतकेच.

साखरशेतसारख्या गावांत सध्या एक बदल वेगाने होत आहे. कूड आणि कौलांच्या जागी घरकुल योजनेतील पक्की घरे उभी राहत आहेत. कौलारू घर डोळ्यांना सुंदर दिसते, या मोहात पडून या बदलाविषयी खेद करणारे लिहितात. त्या घरांत पावसाळा काढणाऱ्यांना पक्क्या छताचे मोल अधिक ठाऊक असते. पाण्याच्या दृष्टीने पाहिले, तर सिमेंटचा सपाट स्लॅब हे कौलांहून चांगले पाणलोट आहे. पाणी कमी वाया जाते आणि झाडून ठेवले तर ते स्वच्छही मिळते. परंतु स्लॅब ओतताना गवंडी पाणी उतरण्यासाठी चारही बाजूंना तोटीवजा नळ्या ठेवतो आणि पाणी चार दिशांना पडून जाते. स्लॅबला एकाच कोपऱ्याकडे बोटभर उतार दिला आणि वाडीच्या बाजूला एकच मोठे तोंड ठेवले, तर पन्हळीचा सारा खर्च वाचतो. हे काम ओल्या काँक्रीटवर एका सकाळी होते. स्लॅब सुकल्यावर तेच करायचे, तर छिन्नी, जलरोधक थर आणि हजारो रुपये लागतात. घरकुलाचे हप्ते देताना पाया, भिंत, छत अशा टप्प्यांची तपासणी होते; त्या तपासणीच्या वेळी स्लॅबचे पाणी कोणत्या बाजूला उतरणार आहे, एवढे एक जरी विचारले गेले, तरी जव्हार-मोखाड्यात दरवर्षी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक नव्या घरामागे एक कुंड भरण्याची सोय होईल.